बी डबीतलं मलम

अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवावं, पाटावर बसवावं, अनारशांचं ताट पुढे ठेवून ओवाळावं, तो साक्षात नारायण आहे असं समजून वाकून नमस्कार करावा, इथवर सोमनाथराव मौल्यांची काही म्हणजे काही तक्रार नव्हती. जावई त्यांचाच होता, लेक त्यांचीच होती आणि अनारशाचे तांदूळ कुणी दळून आणायचे यावरून झालेलं भांडणही त्यांच्याच घरातलं होतं. पण ज्या नारायणाला आपण ओवाळलं, त्यानेच त्या पाटावर बसून, तोंडात अनारसा असताना, सासऱ्याच्या आईच्या मलमाला नावं ठेवावीत? हे कुठल्या पोथीत लिहिलंय, दाखवा!

झालं ते असं. सोमनाथरावांच्या सौभाग्यवती शुभांगीताई शेवटचा घाणा काढत होत्या. तूप उडालं आणि मनगटावर चटका बसला. त्या "आई गं" म्हणाल्या मात्र, सोमनाथरावांच्या मातोश्री चिमणाबाई डबी घेऊन हजर. झेंडूच्या पाकळ्या, कोरफडीचा गर, हळद, तिळाचं तेल आणि मेण. मखमलाबादच्या मळ्यात फुलं खुडत होत्या तेव्हापासून चिमणाबाई हे मलम करत आल्या होत्या. पुढे लेकाबरोबर पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये आल्या, तरी गॅलरीतली कोरफड आणि मळ्यातून येणारी झेंडूची पिशवी काही सुटली नाही. सोसायटीत कुणाला कुकरची वाफ लागो की इस्त्री, "आजी, मलम" म्हणत माणूस मौल्यांच्याच दारात यायचं.

"थांबा आजी," ज्ञानेश म्हणाला. ज्ञानेश म्हणजे जावई. त्वचेचा डॉक्टर. कॉलेज रोडला दवाखाना, तोही काचेच्या दाराचा. "आधी हात नळाखाली धरू द्या त्यांना. आणि ते मलम नको. त्याची कधी ट्रायल झालीय का?"

"काय झालीय का?" चिमणाबाईंनी विचारलं.

"चाचणी. त्यानेच बरं होतं हे कशावरून? लहान चटका आपोआपही बरा होतो, आजी."

बोलला अगदी मऊपणाने. तिथेच तर सगळी अडचण! जरा चढ्या आवाजात बोलला असता तर सोमनाथरावांना चार शब्द सुनावता आले असते. त्यातून अधिक महिना. आत्ताच ओवाळलेल्या माणसाला कसं सुनावणार? सोमनाथरावांनी मुकाट्याने जावयाच्या ताटात आणखी एक अनारसा वाढला. जरा आपटून वाढला, एवढंच.

चिमणाबाईंनी डबीला झाकण लावलं आणि त्या आत निघून गेल्या.

दोन-चार दिवसांनी समोरच्या संतोषची बायको हात फुंकत आली. भाकरी उलटताना तव्याला बोटं टेकली होती. सोमनाथराव गॅलरीत पेपर वाचत होते. आतून आईचा आवाज आला, "मला नाय बाई ठावं त्यातलं. डाक्टरला दाव."

पेपर त्यांच्या हातातून खालीच आला. आई आणि 'मला ठावं नाय'? अहो, कुणाच्या सुनेच्या डोहाळ्यांपासून ते सरकारने कांद्याचं काय करावं इथपर्यंत जिचं मत तयार असतं, ती ही बाई! त्यांनी आत जाऊन पाहिलं तर डबी देवघराखालच्या कपाटात, जुन्या समयांच्या मागे ढकलून ठेवलेली, आणि आई खिडकीशी नुसती बसलेली. हाताला काम नसलेली आई त्यांनी कधी पाहिली नव्हती. सोमनाथरावांच्या मस्तकात सणक गेली.

"ट्रायलच पाहिजे ना? घेतो ट्रायल!" ते म्हणाले. "आई, तू ती डबी पुन्हा बाहेर काढशील. जावयासमोर काढशील!"

"तुझी ती टायल का फायल पास झाली तर बघू," चिमणाबाई म्हणाल्या. "तवर मी कोनाला बोट लावनार नाय."

सोमनाथराव म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. सातपूरच्या स्विचच्या कारखान्यात त्यांची उभी हयात इन्स्पेक्शन खात्यात गेली. त्यांनी 'ओके'चं स्टिकर लावल्याशिवाय बटण बाहेर पडत नसे. निवृत्त झाल्यावर माल येईना म्हणून ते घरातली कोथिंबीर पास-नापास करू लागले, त्यावर शुभांगीताईंचं काय म्हणणं होतं ते इथे छापण्यासारखं नाही.

त्यांनी जावयाला फोन लावला. जावयाने पुन्हा मऊपणानेच समजावलं. म्हणे दोन गट करायचे. एकाला खरं मलम, दुसऱ्याला हुबेहूब तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कुणाला कुठलं मिळालं हे लावणाऱ्याला माहीत नको आणि देणाऱ्यालाही नको. शिवाय परवानगी लागते, एथिक्स कमिटी लागते. "तुम्ही कशाला या भानगडीत पडता, बाबा? आराम करा."

आराम करा! हे दोन शब्द त्याने बोलायला नको होते.

परवानगीसाठी सोमनाथराव एका सरकारी कचेरीत गेले. खिडकीतल्या गृहस्थाने मान वर न करता विचारलं, "मलम विकायचंय?"

"नाही."

"कारखाना काढायचाय?"

"नाही हो. चाचणी घ्यायचीय."

"म्हणजे मलमाबद्दल शंका आहे. कुणाचं मलम?"

"माझ्या आईचं."

"मग असं सांगा ना," गृहस्थ म्हणाला आणि त्याने तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवला. "आईचं पूर्ण नाव लिहा वर. खाली गुन्ह्याचं स्वरूप."

ज्या कचेरीत आई या शब्दाखाली गुन्ह्याचं स्वरूप विचारतात, तिथे सभ्य माणसाने थांबू नये. सोमनाथराव थांबले नाहीत. परवानगी लागत नाही असा निर्णय त्यांनी रिक्षात बसल्या बसल्या स्वतःच देऊन टाकला.

मग डब्यांची तयारी. त्यांनी बाजारातून छोट्या डब्या आणल्या. निम्म्यांवर कारखान्यातून उरलेली हिरवी 'ओके'ची स्टिकरं लावली, निम्म्यांवर लाल 'रिजेक्ट'ची. शुभांगीताई म्हणाल्या, "अहो, रिजेक्ट लिहिलेलं मलम कोण लावून घेईल?" शास्त्रात बायकोने लक्ष घालू नये असं त्यांचं मत होतं, पण मुद्दा बिनतोड होता. स्टिकरं खरवडून त्यांनी 'ए' आणि 'बी' अशी अक्षरं लिहिली.

"आई, या ए डब्यांत तुझं मलम भर. आणि या बी डब्यांत खोटं."

"खोटं म्हंजी?"

"खोटं म्हणजे खोटं. नुसतं तेल, मेण आणि जिलबीचा रंग. लावून घेणाऱ्याला मात्र वाटलं पाहिजे की खरंच आहे."

"आन त्ये द्याचं कोनाला?"

"ज्याला भाजलंय त्याला. दुसऱ्या कुणाला देणार?"

"बरं," चिमणाबाई म्हणाल्या. आईला शास्त्र इतक्या झटकन पटलं, याचं सोमनाथरावांना कौतुक वाटलं. कुठलं खरं नि कुठलं खोटं हे आता त्यांना आणि आईलाच ठाऊक. देणाऱ्यालाही माहीत नको असं जावई म्हणाला होता खरा, पण ज्याला माल ओळखता येत नाही तो कसला इन्स्पेक्टर? ते कलम त्यांनी स्वतःपुरतं रद्द केलं.

राहता राहिली कमिटी. संतोष सोसायटीचा सेक्रेटरी. तो म्हणाला, "काका, कमिटी ना? आपली गणपतीची आहे ना! तिलाच नैतिक करून टाकू." झाली एथिक्स कमिटी. तिची पहिली बैठक मौल्यांच्याच हॉलमध्ये भरली आणि नैतिकतेवर बराच वेळ खल झाला, तो असा की भजी कांद्याची असावीत की बटाट्याची. शुभांगीताई नेमक्या भिशीला गेलेल्या. सोमनाथराव स्वतः स्वयंपाकघरात शिरले, भजी तळली, आणि फडकं विसरून कढई दोन्ही कानांना धरून उचलली.

ओरडणं ऐकून अख्खी कमिटी आत आली. सोमनाथरावांनी हात नळाखाली धरले. (जावयाचं हे एक म्हणणं त्यांनी पाळलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही.) मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला टूथपेस्ट लावा. दुसरा म्हणाला शाई, पण निळी. तिसऱ्याने बटाटा किसायला घेतला. चौथ्याने अंडं सुचवलं आणि या घरात अंडं मिळणार नाही हे कळल्यावर तो रागावून बसला. संतोष एका हाताने त्यांच्या खांद्यावर थोपटत होता आणि दुसऱ्या हाताने भजी खात होता. "काका, वाईट झालं हो," तो म्हणाला, "मीठ मात्र बेताचं पडलंय."

पण सोमनाथरावांचं लक्ष वेगळीकडेच होतं. दोन्ही तळव्यांना सारखाच चटका! असा योग कुणाच्या नशिबात येतो? त्यांनी डाव्या हाताला ए लावलं आणि उजव्याला बी. दुसऱ्या दिवसापासून फरक दिसू लागला. डावा हात कसा गार, शांत. उजव्यात नुसती आग. ते डाव्या हाताने जेवू लागले, डाव्या हाताने पेपर धरू लागले, आणि उजवा हात उंच धरून जिन्यात भेटेल त्याला दाखवू लागले. "हे बघा खोट्याचे परिणाम," ते म्हणत. खोट्या मलमाचा त्यांना इतका तिटकारा आला की बी डबी उघडताना ते तोंड फिरवत.

एका माणसाच्या दोन हातांवर मात्र जावई गप्प बसणार नव्हता. आणखी भाजलेली माणसं हवी होती. आता एरवी सोसायटीत रोज कुणीतरी पोळायचं. पण मौले काका भाजलेल्या लोकांवर प्रयोग करतात अशी हवा झाल्यापासून सगळ्या सोसायटीचे हात एकाएकी धडधाकट झाले! दार वाजवून "काही भाजलंबिजलं?" असं आशेने विचारणाऱ्या माणसाला लोक चहासुद्धा विचारीनात. शेवटी सोमनाथरावांनी खालच्या फळ्यावर स्वच्छ अक्षरात सूचना लिहिली:

'भाजलेल्या महिलांनी फ्लॅट नंबर सात, मौले यांच्याशी तातडीने संपर्क साधावा. नाव गुप्त ठेवले जाईल. पुरुषांनीही निराश होऊ नये.'

आता यात काय चुकलं, सांगा! भाषा शुद्ध, हेतू शुद्ध. पण कुणीतरी फळ्याचा फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला, तो ग्रुपवरून ग्रुपवर गेला, आणि दुसऱ्या दिवशी दारात पोलीस. एक महिला हवालदार आणि बरोबर एक शिपाई.

"मौले तुम्हीच? घरात कोण महिला भाजलीय?"

"अजून कुणी नाही. मी वाट पाहतोय," सोमनाथराव प्रामाणिकपणे म्हणाले.

हवालदारबाईंनी शुभांगीताईंना आतल्या खोलीत नेलं. दार अर्धवट लोटलेलं होतं. "ताई, घाबरू नका. मोकळेपणाने सांगा. घरात काही त्रास?"

सोमनाथराव दाराशी सरकून कान देऊ लागले.

"त्रास म्हणजे," शुभांगीताई म्हणाल्या, "आता कुठून सुरुवात करू?"

पुढची पंधरा-वीस मिनिटं कोथिंबिरीत गेली. बाहेर येताना हवालदारबाईंनी शुभांगीताईंच्या मनगटावरचा डाग पाहिला होता आणि आता त्यांनी सोमनाथरावांचे दोन्ही हात पाहिले. "हे कशाने?"

"कढई उचलली."

"कुणावर?"

कुणावर! जन्मभर ज्याने एक सदोष बटण कारखान्याबाहेर जाऊ दिलं नाही त्या माणसाला विचारतात, कढई कुणावर उचलली! तेवढ्यात चिमणाबाई पुढे आल्या. "अवो बाई, ह्यो? ह्याला झुरळ मारता येत नाय. झुरळ दिसलं का बायकुला हाका मारतो." शिपाई हसला. सुटका झाली, पण अशी सुटका होण्यापेक्षा चौकीत नेलं असतं तर बरं, असं सोमनाथरावांना मनापासून वाटलं. फळा त्यांना शिपायादेखत स्वतःच्या हाताने पुसावा लागला, तोही डाव्या.

पण पोलीस येऊन गेल्याचा एक फायदा झाला. तळमजल्यावर मुलांसाठी मेस चालवणाऱ्या भागीबाई जिना चढून वर आल्या. "भाऊ, भाजलेल्या बाया पायजे व्हत्या ना तुमाला? मंग आधी नाय का सांगायचं! माझ्या बायांचं एक बोट धड नसतं. तवा हाय, वाफ हाय, रोजचंच हाय." सोमनाथरावांना भागीबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी निम्म्या बायांना ए वाटलं, निम्म्यांना बी. चटका लहान असला तरच लावायचं, आधी पाणी, मोठं काही झालं तर थेट दवाखाना, असं बजावलं आणि रोज सकाळी मेसमध्ये जाऊन हात तपासू लागले. बाया पोळ्या लाटता लाटता एकेक हात पुढे करत. एकीने पीठ लागलेला हात पुढे केला तर त्यांनी तो नापास केला.

निकालाचा रविवार उजाडला. जावई आला, लेक हर्षाली आली. भागीबाई आपल्या बायांसह आल्या, आणि कमिटीतर्फे संतोष आला, कारण भजी होती. चिमणाबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. सोमनाथरावांनी आईकडे एकदा पाहिलं, घसा साफ केला आणि साक्षीदार बोलावले.

"ए डबीवाल्यांनी सांगा. कसा काय अनुभव?"

"बेस," बाया म्हणाल्या. "आग लगेच निवली. डाग बी ऱ्हायला नाय."

"ऐकलंत?" सोमनाथराव जावयाकडे वळले. "आता बी डबीवाल्यांनी सांगा. न घाबरता."

"बेस," बाकीच्या म्हणाल्या. "आग लगेच निवली."

"नीट आठवा. चुरचुरलं असेल. फोड आले असतील."

"नाय ओ भाऊ," भागीबाई म्हणाल्या. "दोनी एकदम झकास. मी तर ए संपलं तवा बी लावलं, बी संपलं तवा ए."

ज्ञानेशने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही खरंच मेहनत घेतलीत. पण मग याचा अर्थ काय होतो? आजींचं मलम आणि नुसतं तेल-मेण, यात काही फरक नाही." तेसुद्धा मऊपणाने!

कोपऱ्यात चिमणाबाईंनी मान खाली घातलेली सोमनाथरावांना दिसली आणि त्यांचा तोल गेला. ते उठून उभे राहिले. दोन्ही तळवे त्यांनी जावयाच्या नाकासमोर धरले.

"फरक नाही? हे बघा! डावा ए, दुसऱ्या दिवशी शांत. उजवा बी, अजून ठणकतोय! जमीन-अस्मानाचा फरक आहे, जमीन-अस्मानाचा. आईची शपथ घेऊन सांगतो!"

"माझी शपथ नको घिऊ रं," चिमणाबाई म्हणाल्या. "दोनी डब्यांत एकच हाय."

संतोषचा भजं धरलेला हात तोंडाशीच थांबला.

"एकच म्हणजे?" सोमनाथरावांनी विचारलं.

"तू म्हनला खोटं भर. मी तेल घेतलं, मेन घेतलं, रंग बी कालवला. आन भरायला हातच व्हईना. कोनाची लेक, कोनाची सून पोळलेला हात फुडं करनार, आन तिच्या हाताला खोटं? मी दिलं मोरीत वतून. समद्या डब्यांत खरंच भरलं."

"अगं पण आई, शास्त्र! नियम! बी खोटंच पाहिजे होतं गं!"

"मंग दुसऱ्या कोनाकडून करून घ्यायचं व्हतं. मला नाय येत."

आधी भागीबाई हसल्या, मग त्यांच्या बाया, मग हर्षाली. शुभांगीताई तर पदरात तोंड लपवून स्वयंपाकघरात पळाल्या. साऱ्या चाचणीत फरक सापडला होता तो फक्त एका माणसाला, आणि तो माणूस इन्स्पेक्शन खात्यातला होता. सोमनाथराव तसेच हात पुढे करून उभे होते. हात खाली कसे घ्यावेत हेच त्यांना कळेना.

ज्ञानेश हसला नाही. तो चिमणाबाईंना म्हणाला, "आजी, पण मग यातून काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या मलमाने बरं झालं की आपोआप, हे कळायला मार्गच उरला नाही."

"नसंल," चिमणाबाई म्हणाल्या. "तुमचं खरं असंल, जावईबापू. तुमी शिकल्याले. आपोआप बी बरं व्हत असंल. पन आपोआप बरं व्हईस्तवर मानसाचा हात कोनी धराचा का नाय?"

डॉक्टरने सासऱ्यांचा उजवा तळवा हातात घेतला, उजेडात धरला, अंगठ्याने हलकेच दाबला. "बाबा, इथे दुखतंय?"

सोमनाथरावांनी प्रामाणिकपणे शोध घेतला. ठणका कुठेच नव्हता. गेले कित्येक दिवस जी आग आग म्हणून त्यांनी जिनाभर सांगितली, तिचा मागमूस नव्हता. आता नाही म्हणावं, तर आत्ताच, भरल्या घरात, समोर बसलेल्या आईची शपथ खोटी घेतली असं होणार. आणि हो म्हणावं, तर खरं मलम लावूनही दुखतंय, असं जावयाच्या तोंडावर कबूल करावं लागणार. दोन्हीकडून नामुष्की. असला प्रसंग देव वैऱ्यावरही आणू नये.

"दुखतंय," ते ताठ मानेने म्हणाले.

चिमणाबाई उठल्या. आत गेल्या, समया बाजूला सरकवल्याचा आवाज आला, आणि त्या जुनी डबी घेऊन बाहेर आल्या. जावयासमोर, कमिटीसमोर, सगळ्यांसमोर त्यांनी झाकण उघडलं. खुर्ची लेकाजवळ ओढली आणि त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

"कुठं?"

"इथं."

"आन इथं?"

ज्ञानेशने भज्यांची बशी उचलून बाजूला ठेवली, म्हणजे आजींना हात नीट टेकवता यावा. चिमणाबाईंचं बोट तळव्यावर गोल गोल फिरत होतं. मखमलाबादचा मळा सोडल्यापासून सोमनाथराव नेहमी शहरी, शुद्ध बोलत आले होते. जावयासमोर तर फारच शुद्ध.

"तिथं बी," ते म्हणाले. "लय दुखतंय, आई."